विहिरीची पुरवणी पहिली

ये गं, अशी जवळ बस. लांबून वाचलंस तर माझा आवाज तुला ऐकू यायचा नाही. आणि तो मोबाईल ठेव उलटा, वाचतानासुद्धा एक डोळा त्याच्यावर कशाला लागतो तुला? तुझ्या चॅनेलवर तू तुझी बाजू जगाला सांगितलीस. आता आजीची ऐक. तुला ठाऊक असलेलंही पुन्हा सांगणार आहे, कारण हे आणखी लोक वाचतील, आणि सख्खी नात आजीच्या घरी यायची का बंद झाली ते त्यांनाही कळू दे.

तू नगरला कॉलेजात. सुट्टी लागली की देवळालीला माझ्याकडे यायचीस आणि येताना टीव्हीला जोडायचं ते गेमचं खोकं घेऊन यायचीस. गेम असा, की जग जळून गेलंय. सरकार नाही, बाजार नाही, रानात काही उगवत नाही. आपण पाठीला पिशवी लावून उरल्यासुरल्या माणसांतून चालत राहायचं. कुणाला वाचवायचं, कुणाला लुटायचं, ते आपलं आपण ठरवायचं. मूळ गोष्ट संपली की कंपनी वरून आणखी गोष्टी विकते. तू त्यांना डीएलसी म्हणतेस, मी पुरवणी म्हणते. शाळा माझी दुसरीत सुटली, पुढचं वाचन मी किराणा बांधून आलेल्या रविवारच्या पुरवण्यांवर शिकले. म्हणून मूळ अंकापेक्षा पुरवणीवर माझा जीव जास्त.

या गेमला तीन पुरवण्या. पहिली इस्पितळाची, दुसरी जत्रेची, तिसरी विहिरीची. तू व्हिडिओत क्रमही तोच लावलास. इस्पितळ एक नंबर, "इमोशनल आहे" म्हणालीस. विहीर सगळ्यात शेवटी.

माझा क्रम बरोबर उलटा आहे.

इस्पितळात औषध थोडं आणि आजारी माणसं ढीगभर. कुणाला द्यायचं ते आपण ठरवायचं. पण आपण पोराच्या खाटेजवळ गेलो रे गेलो की ते व्हायोलिन सुरू होतं. म्हणजे आता रडा. खऱ्या इस्पितळात कुणी वाजवत नाही बाई. तुझे आजोबा गेले तेव्हा शेजारच्या खाटेवरचा माणूस मोठमोठ्यानं केळ्याचा भाव सांगत होता. आणि तिथं सगळ्यांना अर्धं अर्धं औषध दिलं की सगळेच वाचतात! असली फसवी गोष्ट मी तिसऱ्या नंबरावर ठेवली हेच उपकार.

जत्रा मधली. मोडका पाळणा, मुखवटे घातलेले दरोडेखोर, ढिशांव ढिशांव. त्यांतल्या एका जाड्याला मी पाळण्यावरून ढकललं आणि तो पत्र्यावर आपटला तेव्हा आपण दोघी किती हसलो! तेवढ्यासाठी दुसरा नंबर. बाकी तिच्यात काही नाही.

आता विहीर. वाळवंटात एक गाव, गावात एकच विहीर. बाहेरच्यानं काठाला शिवायचं नाही. लांब उभं राहायचं, बटण दाबून ओंजळ धरायची, आणि गावातली एक बाई वरून पाणी ओतणार. तिची मर्जी असेल तेव्हा.

"आजी, किती बोअर," तू म्हणालीस. "दर वेळी हे उभं राहायचं. लोक शिव्या घालतात या पार्टला. काही घडतच नाही."

"आण तो रिमोट," म्हणत मी तो तुझ्या हातातून घेतला.

"कंट्रोलर म्हण गं."

"तेच ते. सरक तिकडं."

मी उभी राहिले. ती बाई ओतेना तरी हलले नाही. पुढं गावात मारामारी होते, विहिरीची किल्ली आपल्या हातात येते, आणि मग तीच बाई तहानेनं तडफडत आपल्यापुढं ओंजळ धरते. तू म्हणालीस, दे पाणी, त्याचे पॉइंट मिळतात. मी ओतलं. वाळूत. तिनं हात पुढं केले की मी भांडं बाजूला करायचे. ती गुडघ्यावर आली तरी ओतत राहिले वाळूत. तिची मान खाली पडली तेव्हा मला हसू आलं. ते तू चोरून मोबाईलमध्ये घेतलंस.

"आजी, एवढी का चिडलीस तिच्यावर?"

मग मी तुला सांगितलं. माझं माहेर जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, कोरडवाहू. आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, पण विहिरीला ते कुणी कळवलं नव्हतं. मी घागर घेऊन लांब उभी राहायची. पाणी ओढणारी एक बाई होती, ती कळशी उंच धरून ओतायची, आणि धार मुद्दाम तोडायची. पाणी माझ्या पायावर. "सांडलं की गं, धर नीट," म्हणायची आणि बाकीच्या हसायच्या. तहान लागली तर ओंजळ, तीही वाकून. वर बघायचं नाही.

मी हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या आईलासुद्धा नाही.

आणि तू काय म्हणालीस?

"आजी, थांब थांब! हे परत बोल ना. स्वयंपाकघरात लाईट मस्त हाय. तेवढी वाकून ओंजळ करून दाखव फक्त."

"कशाला?"

"लोकांना फील येईल."

मी उठले. माठातून तांब्या भरला. म्हटलं, "मी न्हाई. तूच धर ओंजळ. तुला येऊ दे फील."

तू हसलीस. मोबाईल तेलाच्या डब्याला टेकवून लावलास आणि वाकलीस. मी पहिली धार बारीक सोडली, तू प्यालीस. मग तांब्या जरा कलता केला.

"सांडलं की गं. धर नीट."

मनगटावर, बाहीवर, नव्या ड्रेसवर.

"आजी, पुरे आता."

"पुरे तू म्हणायचं न्हाई. पानी कुनाचं हाय?"

मी दुसरा तांब्या भरला. तू तरी वाकलेलीच होतीस, अजून खेळ वाटत होता तुला. मग तू वर बघितलंस आणि मी तोंडावर ओतलं. नाकात गेलं. ठसका लागला, डोळे लाल झाले, तरी मी हात थांबवला नाही. तांब्या रिकामा होईपर्यंत ओतलं.

"तूपण तशीच निघालीस," तू म्हणालीस. ओल्या कपड्यांनीच खोकं पिशवीत कोंबलंस आणि एसटी धरलीस. दिवाळी गेली, संक्रांत गेली. आली नाहीस.

व्हिडिओत तू गेममधलं माझं हसणं ठेवलंस. खाली लोकांनी लिहिलंय, आजी खतरनाक. स्वयंपाकघरातलं मात्र तू कापलंस. का गं? त्यात तर चांगला फील होता.

तुझी आई सांगत होती, आजीनं माफी मागितली तर येईन म्हणतेस. माफी मी मागणार नाही. दोन तांब्यांत तुला जे कळलं ते मी तोंडानं सांगितलं असतं, तर तू त्याला मागून व्हायोलिन लावलं असतंस. आणि मी त्या बाईसारखी निघाले म्हणालीस, तर ते खोटं आहे असंही मी म्हणणार नाही. तांब्या हातात घेतला तेव्हा हाताला सगळं येत होतं. कुणी शिकवलं होतं, ते तू मला विचारलंच नाहीस.

आता विचारायला ये. शनिवारी तुला कॉलेज नसतं. सकाळची गाडी धर, फाट्यावर उतर, कुणीही रिक्षावाला दारापर्यंत सोडेल. रागात असलीस तर रागातच ये. मला शिव्या द्यायच्या तर इथं समोर बसून दे, चॅनेलवरच्या मला नीट ऐकू येत नाहीत. पण ये बाई, लवकर ये.