पळणाऱ्या मुलीचा हात

चित्र हलतं कसं, हे मला ताईनं शिकवलं. नव्वदच्या दशकात नाशिकच्या सातपूर कॉलनीतल्या आमच्या दोन खोल्यांत रविवारी सकाळी टीव्ही लागायचा आणि हिंदीत बोलणारी जपानी कार्टून्स बघायला आम्ही दोघी दात न घासताच समोर बसायचो. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मी गोष्ट बघायचे, ती काम बघायची. "बघ, आता फक्त ओठ हलतायत. बाकी सगळं एकच चित्र आहे. मेहनत वाचवली त्यांनी," असं म्हणायची. एखादी मुलगी वाऱ्यात उभी असली की माझा दंड धरायची. "केस बघ, केस. एकेक बट वेगळी काढलीय कुणीतरी."

ते कुणीतरी म्हणजे कोण, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

बाबा इथल्याच एका कारखान्यात फिटर होते. मुलीनं चित्रकलेच्या कॉलेजात जाणं त्यांना पसंत नव्हतं, पण तिला हैदराबादला नोकरी लागली तेव्हा त्यांनी अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले. "कार्टूनच्या कंपनीत आहे पोरगी," असं सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. तिचं काम होतं मधली चित्रं काढायचं. एखादा हात खालून वर जायचा असेल, तर पहिलं आणि शेवटचं चित्र परदेशातून यायचं, मधली सगळी ताईची. कुठल्या मालिकेचं काम चाललंय ते मात्र ती सांगायची नाही. कंपनीनं तसं लिहून घेतलं होतं सगळ्यांकडून. फोनवर मी खोदून विचारलं तर हसायची. "कळेल गं. टीव्हीवर आलं की आपोआप कळेल."

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेज सुटलं की मी आणि माझे दोन मित्र, एक वर्गातली मैत्रीण आणि एक पॉलिटेक्निकचा मुलगा, कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत एका कॉम्प्युटरपुढे तीन खुर्च्या ओढून बसायचो. येणाऱ्या जपानी मालिकांचे ट्रेलर तो मुलगा उतरवून घ्यायचा. तेवढ्या दीड मिनिटात अर्धी दुपार जायची. आम्ही एकेक चित्र थांबवून पुढे सरकवायचो. पार्श्वभूमी किती खोल रंगवलीय, पाणी हातानं काढलंय की कॉम्प्युटरनं, पळताना पाय जमिनीला टेकतो की वर तरंगतो, यावर आमची भांडणं व्हायची. हे सगळं बोलायला नाशकात आम्ही तिघंच. म्हणून मग इंटरनेटवरच्या एका मंचावर लिहायला लागलो. तिथं जगभरातली आमच्यासारखी माणसं होती.

तिथं माझं टोपणनाव गाजायला लागलं. मी मुलगी आहे, सातपूरला राहते, हे कुणाला माहीत नव्हतं. माझी नजर तीक्ष्ण होती, ताईनं घडवलेली, आणि जीभ त्याहून तीक्ष्ण. चांगल्याला चांगलं म्हटलं तर चार जण उत्तर द्यायचे. वाईटाची चिरफाड केली तर चाळीस. हे मला लवकर समजलं.

त्या पावसाळ्यात एका मोठ्या मालिकेचा ट्रेलर आला. सगळे महिनोन्महिने तिची वाट बघत होते. त्यात एक प्रसंग होता: एक मुलगी गवतातून पळत येते आणि कुणाला तरी थांबवायला हात पुढे करते. नेहमीच्या वेगानं बघितलं तर काही खटकत नव्हतं. आम्ही सावकाश पुढे सरकवत गेलो आणि मैत्रीण ओरडली, "थांब, थांब! हा अंगठा बघ!" मधल्या सहा चित्रांत हाताचा आकार बिघडला होता. अंगठा लांब झाला होता, एका चित्रात तर मनगट जवळजवळ नव्हतंच.

आम्ही पोट धरून हसलो. मी ती सहाही चित्रं काढून घेतली, प्रत्येकावर लाल वर्तुळ केलं आणि खाली लिहिलं. सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की, हे काढणाऱ्यानं आयुष्यात कधी स्वतःचा हात पाहिलेला नसावा, असं मी लिहिलं होतं. आणि शेवटी, अशा माणसाच्या हातातून पेन्सिल काढून घ्यावी, म्हणजे तो दुसरं काही खराब करणार नाही.

दोन दिवसांत ते सगळीकडे पसरलं. लोकांनी लाल वर्तुळांवर आणखी विनोद केले. त्या आनंदात मी ते पान छापून घेतलं आणि वहीत ठेवलं. दिवाळीला ताईला दाखवायचं होतं. तिच्याशिवाय त्यातली गंमत कुणाला कळणार होती?

दिवाळीला ताई आली ती उजव्या मनगटाला पट्टा बांधून. वाळली होती. आईनं दारातच तिचा हात हातात घेतला. आई सायखेड्याची, घाबरली की तिची भाषा माहेरची व्हायची. "लय सुजलाय गं हा. पडली का कुठं?"

"नाही गं. जास्त काम केलं की होतं असं. जाईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई स्वयंपाकघरात शेव पाडत होती. बाबा आडवे झाले होते. ताई गॅलरीत बसली होती. मी वही घेऊन तिच्याजवळ गेले आणि पान तिच्या मांडीवर ठेवलं. "वाच ना. हसून मरशील."

तिनं ते उचलून हातात घेतलंसुद्धा नाही. नुसतं बघितलं.

"हे पान मी पाहिलंय," ती म्हणाली. "आमच्याकडे भिंतीवर लावलं होतं."

मला आधी अभिमानच वाटला. माझं लिखाण हैदराबादपर्यंत पोचलं! मी म्हणाले, "खरंच? मी लिहिलंय ते, ताई! ते टोपणनाव माझं आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "तू लिहिलंस?" ती एवढंच म्हणाली. मग अगदी साध्या आवाजात, "तो हात मी काढलाय."

मी काहीतरी बोलायला गेले. ती थांबली नाही. पहिलं आणि शेवटचं चित्र फार उशिरा हातात आलं होतं. सगळ्या टीमला दोन दिवसांत सगळं संपवायचं होतं. मनगट आधीच दुखत होतं, बोटांना मुंग्या येत होत्या, पेन्सिल धरलीय की नाही ते कळत नव्हतं. त्या सहा चित्रांत हात बिघडलाय हे तिला काढतानाच दिसलं होतं. ती पुन्हा काढते म्हणाली, साहेब म्हणाले, पुढचं घे, कोण बघतंय एवढं. मग ट्रेलर आला, तिकडून तक्रार आली, आणि त्याच साहेबांनी इंटरनेटवरचं ते पान सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. भिंतीवर लावलं. शेजारून जाताना टीममधली मुलं हळू आवाजात त्यातली वाक्यं म्हणायची.

"ताई, मला माहीत नव्हतं गं. देवाशप्पथ."

"तुला कसं माहीत असणार? आणि तू लिहिलंस ते बरोबरच आहे. अंगठा चुकलाय." ती उठली. "फक्त, मी हात पाहिलाच नाही असं नाही गं. आरशासमोर बसून पाहिला होता. कितीदा तरी."

आतून आईनं शेव खायला हाक मारली. ती आत गेली आणि डाव्या हातानं खाल्ली.

भाऊबीजेच्या दिवशी कॅफे उघडला तशी मी धावत गेले. मंचावरचं जुनं लिखाण काढून टाकता येत नव्हतं. मंच चालवणाऱ्याला मी तीन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. आणि ते काढून तरी काय होणार होतं? ती वर्तुळं आतापर्यंत दहा ठिकाणी चिकटली होती. माझ्या त्या दोघा मित्रांना मी खरं सांगितलं. मैत्रीण रडली. तो मुलगा म्हणाला, "पण चूक तर होतीच ना?" त्यानंतर मी त्याच्याशी कधी बोलले नाही. तो मीच बोललेली भाषा बोलत होता.

ताई परत हैदराबादला गेली, पण महिन्याभरात तिच्या टीमचं काम बंद केलं गेलं. माझ्या पानामुळे, तक्रारीमुळे की तिच्या हातामुळे, ते कुणी सांगितलं नाही. ती पेटी घेऊन सीबीएसच्या बसस्टँडवर उतरली तेव्हा मी घ्यायला गेले होते. मनगटातली नस दबली होती. ऑपरेशन झालं. दुखणं थांबलं, पण अंगठ्यातला जोर परत आला नाही. चहाचा कप तिला दोन हातांनी धरावा लागायचा.

मालिका पुढच्या वर्षी आली. तो प्रसंग कुणीतरी नव्यानं काढला होता, आणि सुंदर काढला होता. मंचावर लोकांनी माझं अभिनंदन केलं. आपण बोललो म्हणून त्यांनी सुधारलं, असं एकानं लिहिलं. मी ते खातं उघडलं ते शेवटचं.

तुला दाखवू का, असं मी ताईला विचारलं होतं. "नको," ती म्हणाली. "मला आता हलणारं काही दिसत नाही. नुसते कागद दिसतात."

काही महिन्यांनी तिला सातपूरलाच एका लहान वर्कशॉपमध्ये काम मिळालं. तयार झालेले भाग तपासायचे, चरा असला तर बाजूला टाकायचे. तिच्या हातून एकही खराब भाग सुटत नाही, असं तिचे मालक बाबांना एकदा रस्त्यात म्हणाले. बाबा घरी येऊन ते कौतुकानं सांगत होते, आणि ती डावीकडे मान वळवून कणीक मळत होती, एका हातानं.

हैदराबाद का सोडलं असं नातेवाईक विचारतात तेव्हा बाबा सांगतात, "तिकडचं पाणी मानवलं नाही तिला." तिनंच त्यांना तसं सांगितलंय. मी शेजारी बसलेली असते. आजवर मी त्यांना खरं सांगितलेलं नाही.