जावयाचा शब्द

जावयाचा शब्द खाली पडू न देणारी माणसं आता उरली नाहीत, असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा आमच्या हिच्या थोरल्या काकांना भेटून यावं. जाताना बोलण्यावर मात्र ताबा ठेवावा. मी मूळचा घाटावरचा. नोकरीपायी ओरोसला आलो, इथलाच जावई झालो, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात ताटातल्या बांगड्याकडे बोट दाखवून "सुरमई फार छान झालीय" असं म्हणून बसलो. पंगतीत हसू फुटायच्या आत काकांनी सगळ्यांवरून एक नजर फिरवली आणि म्हणाले, "जावय म्हणतत सुरमई, तर ती सुरमईच." त्यानंतर आठ दिवस त्या घरात बांगड्याला सुरमई म्हणत होते. काकांनी मासे विकणाऱ्या बाईकडेही चार सुरमया मागितल्या आणि बोट बांगड्याकडे दाखवलं. ती म्हणाली, "काकानू, डोळे बरे आसत मां?" तर म्हणाले, "डोळे बरे आसत. घरात जावय इलेत." मी खोलीत शिरलो की बहात्तर वर्षांचा हा माणूस खुर्चीतून उठतो. म्हणून मी त्या घरात शक्यतो खोल्या बदलत नाही.

काकांचा जन्म गेला होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात. कुणकेश्वरच्या अलीकडे त्यांचं छोटं वर्कशॉप. इंजिन उघडण्याआधी ते होडीवाल्याला ते चालू करायला लावत, डोळे मिटत आणि डॉक्टरने छातीला नळी लावावी तसा कान पुढे करत. मग निदान सांगत: "दोन नंबरचो वॉल्व बसूक नाय." उघडल्यावर तसंच निघे. यंत्राला हात लावण्याआधी त्याच्याशी दोन शब्द बोलायचे, हा त्यांचा शिरस्ता. इंजिनाला ते "बाये" म्हणत आणि नट काढताना "वायच दुखात हां" असं समजावत. काकी म्हणे, "माज्याशी ह्ये इतक्या गोड कदी बोलले नाय." यावर काका शांतपणे विचारत, "तुजो नट मी कदी काढलंय?"

असा हा माणूस स्वतःच्या शरीराशी मात्र कधी बोलला नाही. साखर होती, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही, आणि वर्कशॉपमध्ये जन्मभर अनवाणी. पाय बधिर होत चालले होते हे त्यांना ठाऊक नव्हतं. उजव्या अंगठ्यात पत्र्याचा तुकडा रुतून बसला तो काकीला फरशीवरचं रक्त पाहून कळला. जखम चार महिने भरेना. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर पाऊल काढावं लागेल; त्याआधी एक उपाय करून पाहू. गोव्यातल्या एका इस्पितळात एक मोठी बंद टाकी आहे, तिच्यात रोग्यांना बसवून हवेचा दाब वाढवतात आणि तोंडावर मास्क लावून शुद्ध प्राणवायू देतात. दाबामुळे तो रक्तात जास्त मिसळतो आणि जिथे रक्त नीट पोचत नाही तिथली जखम भरायला मदत होते. काका ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे इंजिनाक टर्बो लावतत तसा." डॉक्टर हसले, पण त्यांनी बजावलंही: हा चमत्कार नव्हे, ड्रेसिंग रोज हवं, साखर ताब्यात हवी, पायात चप्पल हवी, आणि एवढं करूनही खात्री देता येत नाही.

सहा आठवडे, आठवड्याला पाच बैठका, सोमवार ते शुक्रवार. एखादी चुकली तर शनिवारी भरून काढायची. पहिले तीन आठवडे त्यांच्यासोबत राहण्याचं काम मी पुढे होऊन अंगावर घेतलं. घरात माझं फार कौतुक झालं. आठवडाभर गोव्यात हिच्या मावसबहिणीकडे मुक्काम आणि शुक्रवारी संध्याकाळी परत, असा बेत ठरला.

टाकीत जायचे नियम टाकी चालवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी सांगितले. प्राणवायूत ठिणगीचा भडका व्हायला वेळ लागत नाही, म्हणून मोबाईल, घड्याळ, काडेपेटी काही न्यायचं नाही. कपडे इस्पितळाचे, सुती. अंगाला तेल, मलम, पावडर, अत्तर काही नको. काकांनी सत्तर वर्षांत खोबरेल तेल लावल्याशिवाय उंबरा ओलांडला नव्हता. त्या दिवशी त्यांनी साबणाने तीनदा डोकं धुतलं आणि दुसऱ्या दिवसापासून इतर रोग्यांची डोकी हुंगायला सुरुवात केली. एका गृहस्थांना, बहुधा मोठे अधिकारी असावेत, त्यांनी दारातच अडवलं: "सायबानू, वास येता. परत जावन धुवा." मी बाकावर बसून वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. शेजारच्या बाईने विचारलं, "तुमचे कोण?" मी म्हणालो, "गावाकडचे आहेत." हे खोटं नव्हतं. एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

टाकीच्या पत्र्यावरून हात फिरवून, "बाये, सांबाळून घे," असं म्हणूनच ते आत जात. तिथेही त्यांनी लवकरच ताबा घेतला. दाब वाढायला लागला की कानात दडे बसतात. मग आवंढा गिळायचा, जांभई द्यायची, नाक धरून हळूच फुंकर मारायची. तरीही कान दुखला तर लगेच हात वर करायचा, म्हणजे बाहेरून दाब थांबवतात. काका नव्या माणसाला हे सगळं करून दाखवत. "हात वर करूक लाजा नको," ते सांगत, "हय मर्दपण दाखवूचा नाय." सकाळी न्याहारी केली का, साखर किती, हेही तेच विचारत, कारण आत साखर उतरू शकते. त्या बाई हसून म्हणत, "आजोबा, मला पगार कशाला देतात कळत नाही." दोन आठवड्यांत जखमेच्या कडा गुलाबी झाल्या. काकांनी फोनवर काकीला सांगितलं, "पिकप धरल्यान."

तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी सकाळी त्यांना तीन शिंका आल्या. रिक्षात म्हणाले, "जावयानू, नाक चोंदलाहा. त्या बाईंका सांगूक व्हया." सर्दी असली की कानातला दाब सुटत नाही, अशा दिवशी आत सोडत नाहीत, हे मलाही पाठ होतं. मी म्हणालो, "सांगू." पण गुरुवार चुकला तर शनिवारी भरून काढावा लागणार होता, आणि शनिवारी माझे कॉलेजचे मित्र घाटावरून तारकर्लीला येणार होते. यजमान मी. त्यासाठी निळा शर्टही घेतला होता. दारात बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आजोबा, सर्दी-खोकला?" काकांनी तोंड उघडलं, त्याच्या आधी मी बोललो: "छे, एकदम ठणठणीत." काकांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनी पुन्हा त्यांनाच विचारलं, "नक्की ना?" आणि ते म्हणाले, "जावय सांगतत तसाच."

टाकीला गोल काच असते. तिच्यातून मला ते दिसत होते. दाब वाढू लागला. त्यांनी आवंढा गिळला, नाक धरलं, पुन्हा धरलं. मग त्यांचा चेहरा आवळत गेला. मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. तो वर यायला हवा होता. सगळ्यांना शिकवणारा तो हात गुडघा धरून बसला होता, कारण तो वर आला असता तर बाहेर उभ्या जावयाचा शब्द खाली पडला असता. हे मला तेव्हाच कळलं, नंतर नव्हे. बाई माझ्यापासून एक पावलावर होत्या. "थांबवा" एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात मोबाईलवर मेसेज आला. शनिवारी मित्रांसाठी पापलेट सांगून ठेवायची होती. मी उत्तर लिहिलं. मान वर केली तेव्हा आतला परिचारक खुणा करत होता आणि काकांच्या गालांवर पाणी होतं.

बाहेर आले तेव्हा कानात घातलेल्या कापसावर लाल ठिपका होता. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा फाटलाय, भरून येईल, तोवर टाकी बंद. बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. शनिवार असा आपोआप मोकळा झाला, आणि लिहायला लाज वाटते, मी तारकर्लीला गेलो. निळा शर्ट सगळ्यांना आवडला.

टाकी महिन्याहून जास्त बंद राहिली. त्या काळात अंगठा काळा पडला आणि तो काढावा लागला. नंतर ही त्यांच्यासोबत गेली, उरलेल्या बैठका झाल्या, आणि पाऊल वाचलं. खंड पडला नसता तर अंगठाही वाचला असता का, असं मी डॉक्टरांना एकट्यात विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. "नाही" म्हणाले असते तर मी सुटलो असतो, "हो" म्हणाले असते तर निदान हिला तरी सांगून टाकलं असतं. पडदा भरला, पण डाव्या कानाने पुरतं ऐकू येत नाही. आता इंजिन आणलं की काका उजवा कान पुढे करतात, आणि निदान सांगायच्या आधी एकदा आणखी चालू करायला लावतात.

आता आसपासच्या गावांतली माणसं टाकीबद्दल विचारायला त्यांच्याकडे येतात. परवा विजयदुर्गाकडचा एक जण आईला घेऊन आला होता. मीही ओटीवर होतो. काकांनी तेलापासून न्याहारीपर्यंत सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आनी सर्दी आसली तर सांगून टाका. मी लपवलंय, आनी कान फोडून घेतलंय. माजीच चूक ती." बोलताना त्यांनी माझ्याकडे चुकूनसुद्धा पाहिलं नाही. म्हातारी हळहळली, "शाण्या माणसान असा कसा केल्यान?" ते म्हणाले, "होता कदी कदी."

ती दोघं गेल्यावर आम्हीच उरलो. समोर समुद्राची भरती चढत होती. मी खूप वेळ शब्द जुळवत होतो. शेवटी म्हणालो, "काका, त्या दिवशी खोटं मी बोललो होतो. तुम्ही सगळ्यांना स्वतःची चूक म्हणून का सांगता?" ते पाण्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "जावयानू, चाय थंड होता." मी कप उचलला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्या डाव्या कानाकडे बसलो होतो. उजवीकडची खुर्ची रिकामी होती. उठून तिथे जायला चार पावलं पुरली असती. मी चहा संपवला.