मीटरची लाल वायर

माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, म्हणजे आमचे दाजी, कोऱ्हाळ्यात विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करतात. त्यांच्या पिवळ्या मल्टिमीटरचं त्यांना भारी कौतुक. जाड रबरी कवचाचा, खांबावरून दोनदा पडूनही शाबूत. "आपुन फुटू, ह्यो फुटायचा न्हाय," असं येईल त्याला सांगायचे.

बारामतीत माझ्या घरचा इन्व्हर्टर बिघडला म्हणून मी तो मीटर मागून आणला. मी शाळामास्तर, विजेतलं मला मोबाईलवर बघून जेवढं कळतं तेवढंच. काम झाल्यावर मीटर परत द्यायला निघालो आणि त्याची लाल वायर गाडीच्या दारात चेमटली. वरून काहीच दिसेना. घरात जाऊन सॉकेटला लावून बघितलं, तर शून्य. वायर जरा वाकवली की दोनशे तीस, सोडली की परत शून्य. आतली तार तुटलीय हे मलासुद्धा कळलं.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? "पाव्हणं, पोरं शिकवता आन एक वायर जपता येईना व्हय?" एवढंच. तेवढी चेष्टा मला सोसवणार नव्हती. वायर छान गुंडाळून मीटर दिला, वर "मस्त चालला" असंही म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी निरवांगीत एका विहिरीवर दाजींनी स्टार्टरच्या पेटीला मीटर लावला. शून्य. लाईट गेलीय समजून त्यांनी आत हात घातला आणि लांब फेकले गेले. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं पुन्हा नीट वळली नाहीत.

दवाखान्यात मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "वायर काय, कवातरी तुटायचीच. मीटर आदी लाईट चालू आसंल तितं लावून बघाया पायजे हुता. म्याच आळस क्येला." सांगू, सांगू म्हणता तीन वर्षं गेली. माझी मलाच शिसारी येते.

परवा त्यांच्याकडे जेवायला होतो. नवीन कामाला आलेल्या दोघांना दाजी हसत हसत तोच किस्सा सांगत होते.

"चूक कुनाची? माझीच! इचारा की ह्या पाव्हण्यांस्नी, दवाखान्यात हुते त्ये."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"व्हय," मी म्हणालो.

दाजींनी टोपल्यातली भाकरी उचलून माझ्या ताटात टाकली. "डाव्या हातानं वाढतोय पाव्हणं," ते म्हणाले, "राग मानू नगा."