कस्टमसाहेबांची आडवी लायब्ररी

कस्टमसाहेबांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, कॅलिपर असे. स्टीलचा, आकडे दाखवणारा, वापरून वापरून कडा गुळगुळीत झालेला. चहाच्या वेळी ते तो बाहेर काढत आणि बशीतल्या बिस्किटाची जाडी मोजत. "कंपनीने पुन्हा अर्धा मिलिमीटर खाल्ला," असे जाहीर करून बिस्किट चहात बुडवत. ते तुटून कपात पडले तर तो दोषही कंपनीचाच. माझ्या भाचीच्या लग्नाची पत्रिका दिली तेव्हा त्यांनी आधी पत्रिकेची जाडी मोजली, मग मजकूर वाचला. "कागद बरा आहे," म्हणाले, "लग्न टिकायला हरकत नाही."

वारज्याला हायवेच्या सर्व्हिस रोडवर, फरशांच्या दुकानाच्या वर, आमची छोटी कंपनी होती. पाण्याच्या पंपांची नियंत्रक यंत्रे आम्ही बनवत असू. त्या यंत्रांची माहितीपुस्तके लिहिणे हे माझे काम. ती कोणी वाचत नाही हे मला ठाऊक होते आणि कस्टमसाहेबांनी ते विसरू दिले नाही. सकाळी आले की विचारत, "काय लेखिकाबाई, आजचा नायक कोण? स्विच की फ्यूज?"

त्यांचे काम सर्किट बोर्ड आखण्याचे. बोर्डावर चिप, कनेक्टर, कपॅसिटर असे जे सुटे भाग बसतात, त्यांचे पाय जिथे टेकणार तिथे तांब्याचे ठिपके नेमक्या अंतरावर असावे लागतात. प्रत्येक भागाची अशी एक आखणी असते. तिला फूटप्रिंट म्हणतात, आणि सगळ्या आखण्यांच्या संग्रहाला लायब्ररी. हल्ली या आखण्या इंटरनेटवर तयार मिळतात. बटण दाबले की सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट होतात. आमच्याकडे मात्र बटण दाबल्यावर ती आखणी 'अंगण' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडे आणि साहेबांनी सोडल्याशिवाय आत येत नसे. म्हणून तरुण मंडळींनी त्यांना कस्टमसाहेब म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या कानावर गेले तेव्हा ते म्हणाले, "नाव ठीक आहे. पण कस्टमवाले पैसे घेऊन सोडतात. मी तसाही सोडत नाही."

अंगणातून घरात येण्याचा विधी असा होता. आखणी कागदावर खऱ्या मापात छापायची. तो भाग चिमट्याने उचलून कागदावरच्या ठिपक्यांवर ठेवायचा. मग साहेब डोळ्याला भिंग लावून वाकत. खोलीत त्या वेळी कोणी बोललेले त्यांना चालत नसे. पाय ठिपक्यांवर बसले की नुसते "हं" म्हणत, आणि नाही बसले की भाषण देत.

आमच्याकडे मृणाल नावाची इंजिनिअर होती. हुशार, घाईची, कानात सदैव काहीतरी घातलेले. तिला हा विधी म्हणजे छळ वाटे.

"सर, पाच हजार लोकांनी डाउनलोड केलंय हे. एवढे सगळे चुकतील का?"

"पाच हजार लोक तंबाखूही खातात, मृणालताई."

"अहो, पण बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरचं आहे!"

"मुलाचं स्थळ सांगायला मुलाची आईच आली, तरी आपण चौकशी करतोच ना?"

मृणाल पाय आपटत जागेवर जाई. एकदा मात्र तिला सूड घ्यायची संधी मिळाली. साहेबांनी तिच्या तीन आखण्या ओळीने नापास केल्या आणि तरुण पिढीच्या डोळ्यांवर चहा संपेपर्यंत बोलले. मग कळले की प्रिंटरवर कोणीतरी 'पानात बसवून छापा' हा पर्याय चालू ठेवला होता आणि सगळेच जरा आकसून छापले जात होते. आखण्या बरोबर होत्या. साहेबांनी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी प्रिंटरवर पाटी दिसली: 'कागदाच्या सोयीने माप बदलू नये. असे करणाऱ्याने आपले कपडेही असेच शिवावेत.' मृणालने खाली पेन्सिलीने लिहिले, 'आणि प्रिंटर न तपासता ओरडणाऱ्याने?' ती ओळ साहेबांनी खोडली नाही. त्यांच्याकडून माफी यापेक्षा मोठी मिळत नसे.

ते येरवड्याला राहत. "येरवड्याला असतो म्हटलं की लोक विचारतात, कधी सुटणार," हा त्यांचा विनोद प्रत्येक नवीन माणसाला ऐकावा लागे. वडील गिरणीत होते. घरात बुद्धाची मूर्ती, तिच्याशेजारी शिकलेल्या दोन पिढ्यांच्या पदव्यांच्या चौकटी. साहेब तरुणपणी एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. तेव्हा बोर्ड संगणकावर आखत नसत. खालून दिवा असलेल्या उजेडाच्या टेबलावर पारदर्शक फिल्म ठेवून तिच्यावर काळ्या पट्ट्या आणि ठिपके चिकटवायचे. त्या दिवसांबद्दल ते असे बोलत, की ऐकणाऱ्याला वाटावे लेणी तिथेच कोरली गेली.

बोर्डावर भाग बसवायचे काम आम्ही भोसरीच्या ढमालेशेठांकडे देत असू. शेठांच्या शेतात एमआयडीसी आली आणि शेठ कारखानदार झाले. त्यांच्याकडे भाग उचलून बोर्डावर ठेवणारे परदेशी मशीन होते. कोणता भाग कुठे आणि कोणत्या कोनात ठेवायचा, ते मशीन आमच्या फाइलमधून वाचे. साहेब आणि शेठ यांची फोनवर दर महिन्याला भांडणे होत आणि दोघांनाही त्याशिवाय करमत नसे.

"ढमाले, तुमच्या माणसाने कपॅसिटर वाकडा बसवलाय."

"सायेब, वाकडा न्हाई, तुमच्याकडं बघून लाजला आसंल त्यो."

मग आमच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने ते बंद केले. नवीन घेणे भाग होते. मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितले की नव्या सॉफ्टवेअरसोबत तयार लायब्ररी विकत मिळते, तीच वापरू. साहेबांना निवृत्तीनंतर मालकांनी ठेवून घेतले होते. मूत्रपिंडाचा आजार तोवर बराच पुढे गेला होता. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जाऊन रक्त शुद्ध करून घ्यावे लागे आणि त्या दिवशी दुपारी ते पिवळट चेहऱ्याने येऊन बसत. पण त्या मीटिंगमध्ये त्यांचा आवाज पहिल्यासारखा होता.

"माझी लायब्ररी नव्यात इम्पोर्ट होईल," ते म्हणाले. "मी आयुष्यभर एकेक भाग तपासून आत घेतलाय. ती बाहेर टाकून बाजारातून उचललेली आणायची असेल, तर माझ्या जागीही बाजारातूनच दुसरा आणा."

मालक नरमले. दिवाळीपर्यंत मुदत दिली. तोवर जुनी लायब्ररी नव्यात बिनचूक चालली तर ती, नाहीतर विकतची.

इम्पोर्टचे काम मृणालकडे आले. ठिपके आले, मापे आली, नावे आली. साहेबांनी नमुन्याला काही आखण्या छापून भाग ठेवून पाहिले. सगळे "हं" मिळवून पास. ते इतके खूश झाले की त्या दिवशी बिस्किट मोजायचे विसरले. पहिला बोर्ड भोसरीला गेला. दुपारी ढमालेशेठांचा फोन आला. साहेबांनी दिग्विजयाची वार्ता सर्वांनी ऐकावी म्हणून फोन स्पीकरवर ठेवला.

"सायेब, समदं आडवं हाय."

"काय आडवं आहे?"

"चिपा. मशीन समद्या चिपा आडव्या ठेवतंय. पाव फेरा फिरलेल्या हायेत."

"तुमचं मशीन बिघडलंय."

"मशीन न्हाई वो. तुमची लायब्ररीच आडवी हाय. पैल्यापासनं हाय. तुमच्या जुन्या फायली आल्या की आमच्याकडं एक सेटिंग लावल्यालं, समदं पाव फेरा फिरवून घ्यायचं. ही फाईल नव्या तऱ्हेची, तिला सेटिंग लागंना."

साहेब फोनवर वाकले.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"सांगितलं हुतं की, पैल्याच बोर्डाला! तुम्ही म्हनला, आखणी बरोबर हाय, मशीन फिरवा. मग आमी मशीन फिरवलं. गिऱ्हाइकासंगं कोन भांडतंय?"

उलगडा झाला तो असा. चिप सरळ धरली की तिचा पहिला पाय कुठे असावा, याचा जगभर एक संकेत आहे. साहेबांचा वेगळा होता. कारखान्यातल्या तरुणपणी त्यांचे उजेडाचे टेबल खिडकीला टेकवून ठेवलेले होते, समोर बसायला जागा नव्हती, त्यामुळे ते बोर्डाच्या बाजूला बसून काम करत. त्यांना जी सरळ दिसे ती चिप जगाच्या दृष्टीने आडवी असे. टेबल गेले, कारखाना सुटला, संगणक आला. साहेब मात्र त्या बाजूच्या स्टुलावरच बसून राहिले. आणि त्यांच्या कागदी परीक्षेत ही चूक सापडणे शक्यच नव्हते. कागद हातात कसाही फिरवता येतो. पाय ठिपक्यांवर बसतातच.

याहून वाईट पुढे होते. इंटरनेटवरून आलेल्या सरळ आखण्यांनाही साहेबांनी अंगणात उभे करून, फिरवून, आपल्यासारखे आडवे केले होते. सोडताना शेरा असे: 'वळण लावले.'

मृणालने सगळ्या आखण्या एका आज्ञेत उलट फिरवायची तयारी दाखवली. पण आजारपणात थकलेल्या साहेबांनी अधूनमधून काही भाग वळण न लावता तसेच आत सोडले होते. शेरा मात्र सवयीने तोच होता, आणि ते भाग अजून कोणत्या बोर्डावर लागले नसल्याने कळलेही नव्हते. ते मुळात सरळ होते, या आज्ञेने आडवे झाले असते. कोणते सरळ आणि कोणते आडवे, हे एकेक उघडून बघितल्याशिवाय कळणार नव्हते.

मला वाटले होते, ते जगाला दोष देतील. त्यांनी तसा प्रयत्न केलाही. "एकमताने चुकणं सोपं असतं," असे पुटपुटले. मग मृणालला म्हणाले, "ताई, माझी सगळी लायब्ररी अंगणात टाका. आता कस्टमवर तुम्ही बसा. मी एकेक दुरुस्त करून देतो, तुम्ही तपासून आत घ्या."

"सर, मी तुम्हाला नापास केलं तर?"

"तर भाषण द्या. ऐकलंय तुम्ही पुरेसं."

त्यानंतरचे महिने ते घरून काम करत होते. दवाखान्याच्या दिवशी तिथल्या खाटेवर, एका हाताला नळ्या लावलेल्या असताना दुसऱ्या हाताने चिपा फिरवत. मृणाल त्यांची एकेक आखणी तपासे आणि खरोखरच काही परत पाठवी. शेरा लिही: 'सर, झोपेत केलंत का?' ते उत्तर देत: 'नाही, सलाइनमध्ये.'

नवरात्रात आम्ही दोघी येरवड्याला त्यांना भेटायला गेलो. लायब्ररी निम्मी झाली होती. साहेब खूप वाळले होते. वहिनी चहा देताना म्हणाल्या, "हे दिवसभर पायांबद्दलच बोलतात. माझे गुडघे दोन वर्षं दुखतायत, त्याबद्दल चकार शब्द नाही."

"तुझ्या पायांचं ड्रॉइंग कुठे मिळतं?" साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "लेखिकाबाई, एक काम करा. लायब्ररीचं माहितीपुस्तक लिहा. पहिल्या पानावर घाला, की ही ज्याने बनवली त्याने सगळे भाग आडवे बसवले होते. आणि खाली माझं पूर्ण नाव."

मी म्हटले, "नाव कशाला, साहेब?"

"म्हणजे काय? राहिलेली जो दुरुस्त करेल त्याला शिव्या कोणाला द्यायच्या ते नको का कळायला? निनावी शिव्या वाया जातात."

मृणाल खिडकीतून बाहेर बघत होती.

दिवाळीच्या आधीच ते गेले. आम्ही गेलो तेव्हा घरात त्रिशरण चालू होते. ढमालेशेठ पांढरा सदरा घालून दाराशी बसले होते. मला हळूच म्हणाले, "बाई, त्यांचं सेटिंग म्या अजून काढल्यालं न्हाई मशीनातनं."

मुदत संपली आणि मालकांनी विकतची लायब्ररी घेतली. त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. तिच्यावरून आखलेला पहिला बोर्ड भोसरीहून आला, त्या दिवशी सगळे टेबलाभोवती जमले. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते, की एक तरी पाय चुकू दे. वीज दिली. हिरवा दिवा लागला, पंप सुरू झाला. एकही पाय चुकला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंगणातून, कागदावरून, भिंगाखालून न जाता आलेला तो बोर्ड पहिल्या झटक्यात चालला, आणि त्याचा मला इतका राग आला की मी जिन्यात जाऊन उभी राहिले.

परवा शनिवारी मी एक पुस्तक विसरले म्हणून सुट्टीच्या दिवशी ऑफिसात गेले. मृणाल एकटीच बसली होती. कानात काही नव्हते. पडद्यावर साहेबांची जुनी लायब्ररी उघडी होती आणि ती एक चिप पाव फेरा फिरवत होती.

"अगं, आता कोण वापरणार आहे ती?" मी विचारले.

"कोणीच नाही." तिने कागद छापायला सोडला आणि चिमटा शोधू लागली. "पण निम्मी अजून आडवी आहे, मॅडम. माझ्या शिव्या संपल्या नाहीत."