विहिरीपुरता कागद

असले अनुभव मी वाचते ते जेवताना, करमणूक म्हणून. कुणाला गच्चीवर बाई दिसली, कुणाच्या गाडीत मागे कोणी बसलं होतं... आणि मनातल्या मनात प्रत्येकाला लाल पेनाने खुणा करत जाते. साक्षीदार कोण? वेळ कुणी नोंदवली? तेवीस वर्षं मी इथे एका औषध कंपनीत कागद तपासायचं काम केलं. आमच्याकडे एकच धर्म – जे लिहिलेलं नाही, ते घडलेलं नाही. त्यामुळे हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे. पण लिहिलं नाही तर आमच्याच नियमाने ते घडलं नाही असं होईल, आणि ते मला चालणार नाही.

मी नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहते. गेल्या वर्षी नोकरी सोडली. रोज सकाळी तळ्याभोवती चालायला जाते, तिथे डोलोरेस भेटली. कृष्णवर्णीय, सत्तरीची, शाळेतली रिटायर्ड लायब्ररियन. ती आपल्या घराण्याचा शोध घेत होती. तिने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला कळलंच नाही, की हिला स्वतःचे पूर्वज शोधायचे आहेत तर ही दुसऱ्याच कुणाची वंशावळ का खणते आहे. मग ती म्हणाली, आमच्या गुलाम पूर्वजांची नावं कुठे लिहिलेली नसतात, आमच्या मालकांच्या मृत्युपत्रात असतात. मालकाचं घराणं सापडलं, तर आमचं सापडतं.

मालक म्हणजे वेंड्रेल नावाचा तंबाखूवाला प्लँटर, इंग्रज राजाचा अंमल होता त्या काळातला. त्याचे कागद कॅरीपासून चाळीस मिनिटांवरच्या एका कौंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात होते. ते जुनं वळणदार अक्षर डोलोरेसला वाचता येत नव्हतं. मला यायचं, कारण डॉक्टर लोकांची लॅबमधली अक्षरं लावण्यात माझा जन्म गेला. मी म्हटलं, मी येते. दर मंगळवारी दुपारी आम्ही दोघी जायला लागलो. मी मोठ्याने वाचायची, ती लॅपटॉपवर टाइप करायची, पान संपलं की ती परत वाचून दाखवायची आणि मी मूळ कागदावर बोट ठेवून ताडून बघायची. ही दुहेरी तपासणीची पद्धत माझी, ऑफिसातली.

तिसऱ्या मंगळवारी मृत्युपत्र सापडलं. वेंड्रेलने मुलगी प्रिसिला हिला काय काय दिलं त्याची यादी होती – ओढ्याकाठची जमीन, तिच्यातली विहीर, एक पलंग, दोन गायी, आणि हॅना नावाची मुलगी. मी वाचता वाचता थांबले. डोलोरेस म्हणाली, वाच पुढे. ती हॅनालाच शोधत होती. पान संपल्यावर ती उठून हात धुवायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. माझे बाबा साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी दस्तलेखक होते. कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसायचे. बहिणी यायच्या, बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाच्या नावे सोडायला. त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. बाबा आधी सबंध कागद बाईला मोठ्याने वाचून दाखवायचे. मग भावाला म्हणायचे, “तू जरा चहा घेऊन ये.” तो गेला की हळूच विचारायचे, “बाई, खुशीनं देतेस ना?” एखादी रडायला लागली तर बाबांची शाई नेमकी त्याच वेळी संपायची आणि काम पुढच्या आठवड्यावर जायचं. गावातले कितीतरी भाऊ त्यांच्यावर डूख धरून होते. शाळा सुटली की मी आणि दादा त्या टेबलाजवळच असायचो. आम्ही दोघांनी हे शेकडो वेळा पाहिलेलं आहे.

म्हणून वेंड्रेलचे पुढचे कागद वाचताना मला हसूच आलं होतं. इथेही तीच रीत! लग्न झालेल्या बाईने जमिनीवरचा हक्क सोडला, की कोर्ट तिच्याकडे माणसं पाठवायचं. नवऱ्याला बाजूला ठेवून तिला एकटीला विचारायचे, खुशीने सही केलीस की कुणी भरीला घातलं? तिचं उत्तर दस्ताच्या खाली लिहायचे. मी जेवढे दस्त वाचले, त्यातल्या सगळ्या बायकांनी खुशीने सह्या केल्या होत्या. एकीलाही नाही म्हणावंसं वाटलं नव्हतं. बाबांची शाई मात्र महिन्यातून दोनदा तरी संपायची.

त्याच्या आधीची एक गोष्ट. फेब्रुवारीत दादाचा फोन आला होता. गावाबाहेर आमची साडेतीन एकर जमीन आहे, बाबांनी घेतलेली. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर दादाचं आणि माझं नाव लागलं. दादा म्हणाला, “विहिरीवर नवी मोटर बसवायचीय. वीज कनेक्शनला तुझी संमती लागते. वहिनीच्या नावाने मुखत्यारपत्र करून पाठव, म्हणजे तुला यायला नको.” पीडीएफ आली, अकरा पानं. कुठे सही करायची तिथे बाण काढलेले.

अविनाशने, माझ्या नवऱ्याने, विचारलं होतं, “वाचलंस का गं?” मी म्हटलं, दादाचा कागद आहे. बँकेतल्या नोटरी मुलीनेही विचारलं, कशावर सही करताय ते तुम्हाला माहीत आहे ना? मी हसून म्हटलं, माय ब्रदर. मी अमेरिकेला निघाले तेव्हा तिकिटासाठी दादाने त्याची स्कूटर विकली होती आणि वर्षभर सायकलने कामावर गेला होता. त्याचा कागद मी काय तपासणार? तेवीस वर्षं लोकांचे स्वल्पविराम तपासणारी बाई मी, पण ती अकरा पानं उलटून पाहिली नाहीत.

आता तो मंगळवार. जून महिना, दुपारचे अडीच, खोलीत स्वच्छ ऊन, रेकॉर्ड ऑफिसची बाई समोर सफरचंद खात बसलेली. भुताखेतांना लागतं तसलं काहीही नव्हतं. मृत्युपत्रानंतर काही वर्षांनी प्रिसिलाने आपला सगळा वाटा – जमीन, विहीर आणि हॅना – आपल्या भावाला सोडून दिला होता, तो दस्त आम्हाला सापडला. मी वाचला, डोलोरेसने टाइप केला. खाली नेहमीची चौकशी होती. मी म्हटलं, झालं, आता परत वाच.

डोलोरेस वाचत गेली, मी बोट सरकवत गेले. कोर्टाच्या माणसांनी प्रिसिलाला नवऱ्यापासून वेगळं बसवून विचारलं... आणि मग तिने वाचलं, की प्रिसिला सांगते, हा कागद विहिरीपुरता आहे असं तिला सांगण्यात आलं, आणि तो तिला वाचून दाखवला नाही.

माझं बोट कागदावर होतं. कागदावर असलं काही नव्हतं. तिथे लिहिलं होतं, की तिने स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय सही केली. सगळ्यांसारखंच.

मी म्हटलं, हे कुठून टाकलंस? “तू वाचलंस,” डोलोरेस म्हणाली. “हळूहळू वाचलंस. मी लिहिलं का, म्हणून दोनदा विचारलंस.”

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. मी सफरचंदवाल्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली, हो, दोनदा विचारलंत, माझंही लक्ष गेलं. आम्ही दस्त तीनदा तपासला. मागचं पान, पुढचं पान, समासातल्या खुणा. काही नाही. परत येताना गाडीत डोलोरेस एवढंच म्हणाली, “प्रिसिलाला निदान कुणी विचारलं तरी. हॅनाला कुणी विचारलं?” माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. विहिरीपुरता... विहिरीपुरता... एवढंच डोक्यात फिरत होतं.

घरी आले आणि चपलाही न काढता किचन टेबलाशी बसले. आपल्याकडे जमिनीच्या नोंदी बदलायच्या असल्या तर आधी नोटीस लागते, आणि ती हल्ली फोनवर दिसते. गाव निवडलं, गट नंबर घातला. नोटीस होती. हक्कसोडपत्र. लिहून देणारी मी – माझ्यातर्फे मुखत्यार म्हणून वहिनी. लिहून घेणारा दादा. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी, त्यातले चार उरले होते.

मग ती अकरा पानं उघडली. सातव्या पानावर होतं सगळं, माझा हक्क सोडायचा अधिकार वहिनीला, शुद्ध मराठीत. मोटरचा आणि कनेक्शनचा उल्लेख पहिल्या पानावर एकदा, दाखवण्यापुरता.

मला राग आधी आला नाही, हे खरं सांगते. आधी नुसतं लाजल्यासारखं झालं, आपल्याला कोणीतरी भर चौकात मूर्ख बनवलं तसं. त्या जमिनीचं मला काय करायचं होतं? मी काय कॅरीहून तिथे ऊस लावायला जाणार होते? दादाने फोन करून म्हटलं असतं, वृंदे, सोडून दे, तर मी त्याच फोनवर हो म्हटलं असतं. हे त्यालाही माहीत होतं. माहीत असून त्याने मागितलं नाही, काढून घेतलं. त्या गावात माझं एवढंच उरलं होतं – सातबाऱ्यावर एक नाव. आता त्या नावाला कंस पडणार होता. नाव कमी केलं, की आपल्याकडे कंस घालतात.

सई, माझी मुलगी, म्हणाली, “मॉम, यू न्यू. समव्हेअर इनसाइड यू न्यू.” म्हणजे मला आतून संशय होता आणि तो तोंडातून निघाला. मी तिला सांगितलं, अगं, संशय असता तर सही केली असती का? दादावर संशय घेणं मला जमतच नव्हतं, तीच तर माझी चूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला फोन लावला. तिकडे संध्याकाळ. मी भांडायचं नाही असं ठरवलं होतं. फक्त म्हटलं, नोटीस पाहिली. तो उलटा माझ्यावरच चढला.

“त्या म्हाताऱ्यानेच कळवलं ना तुला?”

मी विचारलं, कोण म्हातारा?

“रजिस्टर ऑफिसच्या बाहेर बसलेला. तुझ्या वहिनीला विचारत होता, ती पोरगी खुशीनं देते ना, म्हणून. याला काय करायचंय? आणि मला म्हणतो कसा, तू जरा चहा घेऊन ये...”

आणि दादा थांबला.

फोनमध्ये त्याच्याकडचा टीव्ही ऐकू येत होता, बातम्या चालू होत्या. मला त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मला नक्की माहीत होतं, की आम्ही दोघं आता एकाच टेबलापाशी उभे आहोत.

शेवटी मीच विचारलं, “गेलास का तू चहा आणायला?”

“गेलो,” दादा म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता.

“आणि वहिनी काय म्हणाली त्यांना?”

“हो म्हणाली. खुशीनं देते म्हणाली.” मग त्याने फोन ठेवला. मी परत लावला नाही. त्यानेही लावलेला नाही, आज तीन महिने झाले.

लोक विचारतील, तो म्हातारा दिसायला कसा होता, वहिनीने नीट पाहिला का, तिथे अजून कुणी दस्तलेखक बसतो का. मी काहीही तपासलेलं नाही. मी, जिने जन्मभर तपासण्याशिवाय काही केलं नाही. एक मैत्रीण म्हणाली, असतील कुणी भले गृहस्थ, जुन्या माणसांची ती रीतच असते. असेल. मग रेकॉर्ड ऑफिसात माझ्या तोंडून कोण बोललं? अविनाश तर हा विषय निघाला की उठून कचरा टाकायला जातो. मला एवढंच कळतं, की वहिनीने खोटं सांगितलं ते कोणा परक्याला नाही, आणि दादाने ते ऐकून घेतलं. बाबा हयात असताना त्यांच्याशी खोटं बोलायची आमच्यापैकी कुणाची हिंमत नव्हती.

हरकतीला मुदत संपायला दोन दिवस होते. मी दादावर केस करीन की नाही, ते मला आजही माहीत नाही. पण मला कुणीतरी प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर मी अजून दिलं नव्हतं. ते वहिनीने देऊन टाकलं होतं. तालुक्याला एक ओळखीचे वकील आहेत, त्यांनी अर्जाचा नमुना पाठवला. नाव, गट नंबर, सगळं भरलं. ‘हरकतीचे कारण’ या रकान्यापाशी आले आणि हात थांबला. काय लिहायचं? स्कूटर लिहायची?

मग डोलोरेसला फोन केला आणि तिची फाइल मागवली. ती ओळ तिने खोडलेली नव्हती. त्या ओळीपुढे लिहून ठेवलं होतं, की मुळात नाही, पण वाचली गेली. ती मी मराठीत उतरवून घेतली. फारसं बदलावं लागलं नाही. हा कागद विहिरीपुरता आहे असं मला सांगण्यात आलं, आणि तो मला वाचून दाखवला नाही.

या वेळी सगळा अर्ज मी मोठ्याने वाचला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, किचनमध्ये एकटीनेच. मग खाली सही केली.