दादांनी मागितलेलं चौथं वर्ष

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला एक निबंध लिहायचा होता. विषय होता आपापल्या गावाच्या कारभाराचा इतिहास. सरांनी एकेकाला गाव विचारलं. मी जरा चाचरतच म्हणालो, "भोर, सर. आमचं गाव राजधानी होतं." वर्ग हसला. हसण्यासारखंच होतं. कापूरहोळला उतरून दुसऱ्या एसटीची वाट बघत बसावं लागतं, अशी ती राजधानी. पण संस्थान होतं तेव्हा ती राजधानी होती, आणि तिला नगराध्यक्ष होता. मी त्या पदाचा इतिहास लिहायचं ठरवलं.

निबंध चांगला झाला. संस्थानच्या काळात अध्यक्ष कसा दरबारच्या मर्जीतला असायचा, संस्थान विलीन झाल्यावर निवडून आलेले सभासद आपल्यातूनच एकाला अध्यक्ष कसे करू लागले, आणि पुढे कायदा बदलून लोकच थेट मतं देऊन नगराध्यक्ष कसा निवडू लागले, हे मी क्रमाने लिहिलं. सरांनी शेवटी लाल शाईने 'मांडणी स्वच्छ' असा शेरा दिला.

त्या निबंधात माझे वडील कुठेच नाहीत. ते बरोबरच आहे, कारण ते नगराध्यक्ष झाले नाहीत. का झाले नाहीत हे लिहावं की नाही, ते मला अजून नीट ठरवता येत नाही. लिहून बघतो.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा गवंडी. गावात सगळे त्यांना मिस्तरी म्हणतात. नगरपालिकेच्या इमारतीच्या भिंती चढत होत्या तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटलं होतं, आणि ते तिथे दगड घडवायला होते. अर्धवट भिंतींच्या आत सावलीला बसून त्यांनी भाकरी खाल्ली होती. छप्पर चढलं आणि मग आत जायचं काही काम उरलं नाही. आमच्या वस्तीच्या राखीव जागेवरून ते सभासद झाले, तेव्हा त्या छपराखाली पहिल्यांदा बसले. घरी येऊन आईला म्हणाले, "भिंत अजून वळंब्यात हाय, तसूभर झुकली न्हाई." पहिल्या सभेबद्दल ते एवढंच बोलले.

त्या वेळी कुणालाच बहुमत नव्हतं. शेवटी चार जणांचं जमलं. एक निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. एक नदीकाठचे बागाईतदार, ते तात्या. एक पेठेतले किराणा दुकानदार, ते शेठ. आणि चौथे दादा. चौघांनी एकेक वर्ष अध्यक्ष व्हायचं, वर्ष संपलं की राजीनामा देऊन पुढच्याला जागा द्यायची, असं ठरलं. असं ठरतं आणि पहिला माणूस खुर्ची सोडतच नाही, हे सगळ्यांनी दुसऱ्या गावांत पाहिलेलं. म्हणून तात्या म्हणाले, देवळात जाऊन बेलभंडार उचलू. देवापुढचं बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडायची आमच्याकडे कुणाची छाती होत नाही.

मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नुकतंच नाव घातलं होतं आणि कॉलेज सुरू व्हायचं होतं म्हणून घरीच होतो. दादांबरोबर देवळापर्यंत गेलो. तिघं आत गेले. दादा पायरीखालीच थांबले.

तात्यांनी आतून हाक मारली, "मिस्तरी, या की आत. आता कुनी अडवनार न्हाई."

"अडवतंय कोन?" दादा म्हणाले. "मीच येत न्हाई. आमी बौद्ध झालो, तवाच हे सोडलं. सोडलेलं मतलबापुरतं कसं उचलू?"

गुरुजींना ते पटलं असावं. तात्या मात्र काळजीत पडले. "आवो, पन मग तुमचा शब्द बांधायचा कशानं?"

"सिमिट लावून," शेठ म्हणाले.

सगळे हसले. दादाही हसले. मग म्हणाले, "उद्या सकाळी माझ्या घरी चहाला या. तिघंबी. कप रिकामं झालं की शब्द बांधला. तुमचाबी आन माझाबी."

हसू एकदम थांबलं. आमच्या वस्तीत मतं मागायला सगळे येत, दारात उभं राहून गोड बोलत. पण घरात बसून कुणी पाणीही घेतलेलं मला आठवत नव्हतं.

"येतो," गुरुजी म्हणाले, आणि मग दोघांनाही येतो म्हणावं लागलं.

तिघांनी बेलभंडार उचलला, आणि तिथेच क्रमाची गोष्ट निघाली. गुरुजी म्हणाले, "मिस्तरी, पहिलं वर्ष तुम्ही घ्या. मी मनापासून म्हणतोय."

"मला शेवटचं द्या," दादा म्हणाले.

शेठ चकित झाले. "लोक पहिलं मागतात हो. शेवटचं कोण मागतं?"

दादा घराकडे वळले. कारण मला वाटेत कळलं. "तू बी.ए. झाला की मी बसंन," ते चालता चालता म्हणाले. दादांना छापील अक्षर जुळवून वाचता यायचं. सरकारी पत्रातली भाषा मात्र त्यांना कळायची नाही, आणि तसं ते कबूलही करत. "खुर्चीत बसलं की कागद येनार. कारकून म्हननार, हितं सही करा. न वाचता सही ठोकनारा अध्यक्ष मला व्हायचं न्हाई. आपला पयला मानूस बसनार तितं. तो चुकला तर सगळी वस्ती चुकली म्हनत्याल. तू वाचून दाव, मग मी सही करतो."

मला फार अभिमान वाटला. माझ्या पदवीवर एवढं काही अवलंबून आहे, असं आधी कुणी म्हटलं नव्हतं. तसली पत्रं मला तेव्हाही वाचता आली असती. पण ते माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या नुसत्या वाचण्यावर दादांचा भरवसा होताच, त्यांना पदवीचा शिक्का हवा होता. कुणी शंका घेतली तर दाखवायला.

दुसऱ्या दिवशी आईने शेजारून कपबश्या आणल्या, परत घासल्या, पुसल्या, आणि एका कपाचा टवका गेलाय म्हणून तो मागे लपवला. तिघं आले. आमचं घर दादांनीच बांधलेलं, दगडी, लहान. गुरुजींनी कप घेतला आणि सहज प्यायले. तात्यांनी बशीत ओतून फुर्रकन संपवला आणि मिशी पुसली. शेठनी कप हातात धरला आणि म्हणाले, "मला जरा पित्ताचा त्रास आहे."

"असू द्या," दादा म्हणाले. "पित्त उतरंस्तवर बसू."

आणि खरंच बसले. आई चुलीपुढे पाठ करून बसली होती, पण तिचा हात थांबला होता. कपातल्या चहावर साय धरली.

शेवटी तात्याच म्हणाले, "काय वो शेठ, दुकानात दिसभर कपावर कप चालतो, तवा हे पित्त कुठं जातं?"

शेठनी साय फुंकून बाजूला केली आणि एका दमात कप रिकामा केला. मग आईकडे बघून म्हणाले, "वहिनी, साखर लई झाली."

"गोड बोलाया बरी," आई पाठ न वळवता म्हणाली. तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला.

शब्द पाळला गेला, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. गुरुजींनी वर्ष संपताच राजीनामा दिला. तात्या सोडणार नाहीत, अशा पेठेत पैजा लागल्या होत्या. तात्यांनी सोडलं. शेठ बसले. दादा दर सभेला जात, कागद मागून घेत आणि सुट्टीत मी आलो की विचारत, "'मंजुरीस्तव सादर' म्हंजी काय रं?" मी सांगे. ते दोनदा म्हणून बघत. आईला मात्र ते अजून अध्यक्षपदाबद्दल बोलू देत नसत. "अजून वरीस हाय," म्हणत.

शेठच्या वर्षात मी शेवटच्या परीक्षेला पुण्यात होतो. त्या दिवसांत काय झालं ते मला आईने नंतर सांगितलं. शेठ पुण्याला माल भरायला जात. तिथे त्यांच्या कानावर आलं की कायदा बदलतोय, आता नगराध्यक्ष सभासद निवडणार नाहीत, सगळं गाव निवडणार. ते संध्याकाळी थेट आमच्या घरी आले.

"मिस्तरी, मी उद्या राजीनामा देतो. तुम्ही बसून घ्या. पुढचं काय खरं नाही."

"तुमचं वरीस पुरं व्हायचंय, शेठ."

"माझ्या वर्षाचं सोडा हो!"

"न्हाई. ठरलंय तसं हुंद्या. आन पोराची परीक्षा तोंडावर हाय. आत्ता कळलं तर तो पुस्तक टाकून यील."

आईनेही विनवलं. दादा ऐकेनात. ज्यांनी देवाची शपथ घेतली होती त्यांनी वर्ष मोजून पाळलं, आणि ज्याने घेतली नव्हती त्याने आधी हात पुढे करायचा, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, कोण जाणे. बहुतेक, दादा म्हणतील तसं, असंच म्हणालो असतो. मोठ्यांपुढे माझं तेवढंच धाडस होतं.

वर्ष पुरं करून शेठनी राजीनामा दिला. नवी निवड करायला सभा बोलवायची होती, तिची तारीख यायची होती. त्याच सुमाराला माझा निकाल लागला. मी पास झालो. आमच्या घरातला, आमच्या आळीतलाही, पहिला. आईने शिरा केला. दादांनी सभेला जायला धोतर भट्टीला दिलं होतं.

तारखेऐवजी एक पत्रक आलं. शेठ ते स्वतः घेऊन आमच्याकडे आले. त्यांनी ते वाचलेलं होतं, चेहऱ्यावरून कळत होतं, पण सांगवेना. त्यांनी ते दादांपुढे धरलं. दादांनी घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि माझ्याकडे दिलं.

"वाच," म्हणाले. "आता झालास ना बी.ए.?"

मी वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुढच्या निवडणुकीत नगराध्यक्ष थेट मतदारांनी निवडायचा होता, निवडणूक जवळ होती, म्हणून तोवर मधली निवड घ्यायची नव्हती.

दादांनी ते शेवटचं वाक्य आणखी एकदा वाचायला लावलं. मग विचारलं, "खाली सही हाय का?"

"आहे."

"कुनाची?"

मी हुद्दा वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली. "बराबर वाचलंस," म्हणाले.

मग शेठ पाटावर नीट मांडी घालून बसले आणि म्हणाले, "वहिनी, चहा टाका."

"तुमचं पित्त?" आईने विचारलं.

"ते कधीच नव्हतं, वहिनी."

आईने चहा टाकला. शेठ पिता पिता म्हणाले, "मिस्तरी, थेट निवडणुकीला उभे राहा. मी तुमच्याबरोबर दारोदार फिरतो."

दादांनी कप खाली ठेवला. "शेठ, तिघांना एक कप पाजायचा तर अख्खी सकाळ गेली. सगळ्या गावाला मी कवा पाजू?"

शेठना यावर हसावं की नाही ते कळलं नाही. दादा मात्र हसले. ते निवडणुकीला उभे राहिले नाहीत.

निबंध तपासून परत मिळाला, तेव्हा मी तो घरी नेला. दादांनी वाचून दाखवायला सांगितलं. भिंतीला टेकून, डोळे मिटून ते ऐकत होते. दरबार झाला, विलीनीकरण झालं, सभासदांनी अध्यक्ष निवडण्याचा काळ आला. मग मी ते वाक्य वाचलं, 'त्यानंतर कायद्यात बदल होऊन नगराध्यक्ष थेट मतदारांतून निवडला जाऊ लागला.' मी थांबलो. म्हणालो, "दादा, इथे तुमचं लिहायचं राहिलं. लिहू?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"मी बसलो व्हतो का तितं?"

"नाही."

"मग कशाला? फुडं वाच."

पुढे अर्धं पान होतं. ते मी वाचलं.