सरखेल काकूंची शरणागती

रेडवेवर, म्हणजे इथल्या पायी फिरायच्या लाल वाटांवर, अंडरपास आला की काकू थांबत, घसा खाकरत आणि गोष्ट सांगत थेट चिनी समुद्रात उतरत. अंडरपासात आवाज घुमतो म्हणून. इंग्लंडातल्या आमच्या मिल्टन कीन्समध्ये अंडरपासना तोटा नाही, त्यामुळे भारतातून मुलांकडे आलेले, फिरायला निघालेले समस्त आईबाबा घरी पोचेपर्यंत दोन लढाया तरी होत.

काकू म्हणजे माझ्या मित्राच्या, मिलिंदच्या आई. नागपूरच्या निवृत्त इतिहासशिक्षिका. दर वेळी सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर यायच्या. त्यांची नायिका दोनशे वर्षांपूर्वीची चिनी चाच्यांची राणी. नवरा मेल्यावर तिने शेकडो जहाजं स्वतःच्या हुकमात घेतली आणि बादशहाचं आरमार पळवून लावलं. "आणि इतिहासात नाव काय, तर अमक्याची बायको," काकू म्हणत. "आमच्या पुस्तकांत बायका दोनच प्रकारच्या. कुणाची तरी आई, नाहीतर सती." सरखेल ही पदवी मी दिलेली. त्यांनी ती नाकारली नाही.

राणीचा कायदा होता, लूट आधी सामायिक कोठारात. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत पंगत उठायच्या आत कुणी गुलाबजाम डब्यात भरू लागलं, की मागून काकू. "तिच्या ताफ्यात मुंडकं उडायचं हो याला." डबा मुकाट्याने रिकामा व्हायचा.

नागपूरच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच. आईने कायमचं इथेच राहावं, एवढंच मिलिंदला हवं होतं. लंडनमधल्या एजवेअरच्या व्हिसाच्या वकिलाने सांगितलं, आंघोळ-स्वयंपाकही स्वतःचा जमत नसेल आणि तिकडे सांभाळायची कसलीच सोय होत नसेल, तरच काही आशा.

"म्हणजे हातीपायी धड आहे हा माझा गुन्हा," काकू म्हणाल्या.

मी मंडळाची नाटकं बसवणारा. म्हटलं, काकू, थरथरायचं मी शिकवतो. त्यांनी कंबर वाकवून चार पावलं टाकली आणि सोफ्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मिलिंद हसला नाही.

"आई, जरा प्रयत्न तरी कर ना."

काकू सरळ झाल्या. "मिलू, ती शरण गेली ना, तेव्हा रडत नाही गेली. बायकापोरांना घेऊन, बिनहत्यारी, सुभेदाराच्या दारात गेली. अटी तिने घातल्या. लूटसुद्धा परत दिली नाही."

"तिच्याकडे जहाजं होती, आई."

 

व्हिसा संपायला बरेच दिवस असताना त्यांनी स्वतःच तिकीट अलीकडचं करून घेतलं. हीथ्रो विमानतळाच्या वाटेवर मी विचारलं, "काकू, शेवट राहिलाय. शरण गेल्यावर पुढे काय झालं तिचं?"

"जुगाराचा अड्डा काढला. छान चालवला. म्हातारी होऊन अंथरुणात मेली."

"जवळ कोण होतं?" मिलिंदने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ते मला कुठे वाचायला मिळालं नाही रे."

मिलिंदने विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवली होती. आईवडील धडधाकट असले तरी वाट चुकू नये म्हणून आपण सगळेच सांगतो. काकूंनी तिच्यात पर्स आणि चॉकलेटांची पिशवी बसवली, ढकलणाऱ्या माणसाला निघायची खूण केली आणि शेजारून ताठ मानेने चालत सिक्युरिटीच्या आत गेल्या. वळून पाहिलं नाही. मिलिंदचा हात वर तसाच राहिला.